दुसरा पिंजरा

‘काटा रुतं भावाला गं, कळ येती बहिणीला.’ पाळण्याची दोरी ओढत आई म्हणायची. तो आवाज राजनंदिनीच्या कानात अजून होता. पाळण्यात तेव्हा विश्वजीत असायचा.

आता तो पुंडलिकनगरातल्या घराच्या वरच्या खोलीत होता, बाहेरून कुलूप. नशेसाठी खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या पिऊन पिऊन वाळून गेलेला. वडिलांनी, नानासाहेबांनी, सोमवारी त्याला आत ढकललं आणि किल्ली बंडीच्या खिशात टाकली.

राजनंदिनी कॉलेजातून आली ती नेहमीसारखी सरळ वर. आई, साळूबाई, जिन्यातच बसली होती. वाटीतल्या वरणावर साय धरलेली.

“ताई,” आतून आवाज आला. “हाडं फुटायलीत गं.”

खिडकीच्या फटीतून दिसत होतं. विश्वजीत भिजल्या कुत्र्यासारखं अंग झाडत होता. नाक गळत होतं, चादर उलटीनं भरलेली.

खालून नानासाहेब म्हणाले, “वरडू दे. बाटली हातात घेतली की हेच आठवलं पायजे त्याला.”

“मरंल की हो लेकरू.”

“नाय मरत. आन मेलं तर सुटलो.”

साळूबाई लेकीकडं वळली. “नंदे, तुमच्या कॉलेजात उंदरांना नशा लावता म्हणलीस न्हवं? मंग पुढं काय करता त्यांचं?”

राजनंदिनी कानाची पाळी चाचपत राहिली. मागच्या महिन्यात विश्वजीतनं त्या कानातली रिंग ओरबाडून नेली होती. पाळी फाटली होती. टाके अजून ओढत होते.

“दोन पिंजरे असतात, आई. आधी सगळ्यांना मॉर्फिनची सवय लावायची, विशूच्या बाटलीतल्यासारखीच नशा ती, मग ते बंद करायचं. एका पिंजऱ्याला औषध देतो. मेंदूतल्या एका दाराला कडी घालतं ते. मग ते उंदीर एवढे तडफडत नाहीत. नशा मिळायची त्या कोपऱ्याकडं धावतही नाहीत.”

“आन दुसरा पिंजरा?”

“त्याला नुसतं मिठाचं पाणी टोचतो.”

“आन?”

“बघत बसतो.”

आत काहीतरी पडलं. मग दारावर नखं घासली.

साळूबाईनं तिचं मनगट धरलं. “ते औषध माणसाला चालंल का गं? लई लांबून आणावं लागत असंल.”

“लांबून नाही. उलटीवरची साधी गोळी आहे, मेडिकलात मिळते. विशूला कितपत लागू पडेल, सांगता येत नाही.”

“मंग पळ की, बाई.”

राजनंदिनी हलली नाही. खांद्यावरची पर्स तिनं दोन्ही हातांनी दाबून धरली.

“आणलीय,” ती म्हणाली. “सोमवारीच आणली. वर आले, त्याचं ओरडणं ऐकलं आणि दिली नाही.”

साळूबाईच्या हातातलं मनगट सुटलं.

“रोज तेच ऐकायला वर येते, आई. बरं वाटतं मला.”