पाण्याची घंटा

वर्गाच्या मधोमध, वर्तमानपत्रावर कुंडी उलटी झाली आणि कुजका वास सुटला. पहिल्या बाकावरच्या मुलींनी नाकाला रुमाल लावले.

"रुमाल काढा आणि बघा," शास्त्राच्या बाई म्हणाल्या. त्यांनी पर्समधून एक लांबट पितळी किल्ली काढली आणि तिच्या टोकाने मुळं मोकळी केली. मुळं काळी ठिक्कर पडली होती. नुसता धक्का लागला तरी साल सुटून येत होती. "मुळंसुद्धा श्वास घेतात, शिकवलंय ना? मातीच्या कणांमध्ये हवा असते, ती घेतात. तिथे पाणीच पाणी झालं की हवेला जागा उरत नाही. हे झाड तहानेनं नाही मेलं. बुडून मेलं."

झाड रबराचं होतं, बाईंनी एका फांदीपासून दोन वर्षं वाढवलेलं. उद्या पाहुणे वर्ग बघायला येणार होते. त्यांना दोनच गोष्टी दाखवायच्या होत्या, हे झाड आणि भिंतीवरचा पाण्याचा तक्ता. आता झाडाचा तर निकाल लागला होता.

तक्त्याचं असं झालं. तीन महिन्यांपूर्वी प्रार्थनेच्या वेळी एक मुलगी चक्कर येऊन पडली. ती दिवसभर पाणीच पीत नाही असं कळलं आणि बाईंनी ते मनावर घेतलं. बाईंनी एखादी गोष्ट मनावर घेतली की ती तडीस गेलीच म्हणून समजा. तिसऱ्या तासानंतर पाण्याची घंटा सुरू झाली. घंटा झाली की बाई स्टाफरूममधून येईपर्यंत प्रत्येकीनं अख्खी बाटली प्यायची, आणि बाई आल्या की ती उलटी धरून दाखवायची. मग तक्त्यावर बरोबरची खूण. चौतीस मुली, तीन महिने, एकही खाडा नाही. दुसऱ्या शाळांतल्या शिक्षिका तो तक्ता बघून, वहीत उतरवून गेल्या होत्या.

"मावशी, इकडे या."

दारात पोछा घेऊन उभ्या असलेल्या शिपाई मावशी दोन पावलं पुढे आल्या.

"किती वेळा सांगितलं तुम्हाला? आठवड्यातून दोनदा, तेही पेलाभर. घातलंत ना रोज बादली बादली?"

मावशींनी एकदा मुलींकडे पाहिलं, मग फरशीकडे. "चुकलं, बाई."

"चुकलं म्हणून झाड परत येत नाही. मी आज लेखी देणार आहे."

मावशींवर आधीची एक तक्रार होती. दुसरी लेखी गेली की काम जाणार, हे सगळ्या शाळेला ठाऊक होतं. बाईंनाही होतं.

शेवटच्या बाकावरची उंच मुलगी उभी राहिली. तिला वर्गात सगळ्या शिडी म्हणत. "मावशींनी नाही घातलं, बाई. आम्ही घालतो. रोज."

"गप्प बस गं पोरी," मावशी पुटपुटल्या.

"आम्ही म्हणजे कोण?" बाईंनी विचारलं.

शिडीनं आजूबाजूला पाहिलं. मग एक उठली, दुसरी उठली, आणि बाकं वाजत वाजत सगळा वर्ग उभा राहिला. "घोटभर पितो," शिडी म्हणाली. "बाकीचं थोडं खिडकीबाहेर, थोडं कुंडीत. सांडलेलं मावशी पुसून घेतात."

"पण का? माझ्या डोळ्यांत धूळ फेकायला?"

"प्यायलं की जावं लागतं, बाई."

"मग जायचं. शरीर आहे, त्यात लाजायचं काय? उत्सर्जनाचा धडा काय उगाच शिकवला मी?"

"कुठे जायचं?"

मुलींच्या बाथरूमची कडी मागच्या वर्षीच तुटली होती. दार लोटलं तरी उघडं पडायचं, आणि समोरच मुलांचा जिना. बाईंनी एकदा अर्ज दिला होता. पुढे त्याचं काय झालं, हे विचारायचं राहून गेलं होतं. मुलींच्या बाथरूमला लागूनच शिक्षिकांचं बाथरूम होतं. तिथे कडी होती, साबण होता, आणि बाहेरून कुलूप होतं. मुली घाण करतात म्हणून ते बाईंनीच लावलं होतं. आणि त्याच कुलपाची किल्ली आता बाईंच्या हातात होती, चिखलानं माखलेली.

चक्कर आलेल्या त्या मुलीच्या आईला बाईंनी याच वर्गात बोलावून सुनावलं होतं, पोरगी हट्टी आहे म्हणून. ती मुलगी आता तिसऱ्या बाकाशी मान खाली घालून उभी होती, आणि मान तर खरं म्हणजे बाईंनी खाली घालायला हवी होती. त्यांना तक्त्याकडे बघवेना. मुलींकडे तर त्याहून नाही.

त्यांनी पदराला किल्ली पुसली आणि मावशींपाशी गेल्या. "मावशी, माफ करा मला. मी नको ते बोलले. तक्रारबिक्रार काही नाही. हे घ्या, ते कुलूप काढून टाका. आत्ताच्या आत्ता."

मावशींनी किल्ली घेतली. ती त्यांच्या हातातलीच होती म्हणा. अकरा वर्षं रोज सकाळी त्याच ते बाथरूम धूत होत्या आणि नवा साबण ठेवत होत्या. कुलूप लागल्यापासून ते लावून किल्ली स्टाफरूममध्ये आणूनही त्याच द्यायच्या.

मुली रांगेनं बाथरूमकडे निघाल्या. मावशी दारापर्यंत गेल्या, थांबल्या, आणि मागे वळून बाईंच्या जवळ आल्या. कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून त्यांनी आवाज अगदी बारीक केला.

"बाई, मुलींचं सगळ्यांचं झालं की मग... मी जाऊन आले तर चालेल का?"