योग्य अंतर

बोळापलीकडच्या घरात राहणाऱ्या धाकट्या भावाशी थोरल्याचं बोलणं कधीच बंद झालं होतं. उरली होती ती नुसती जळवाजळवी. धाकट्याकडे नवा टीव्ही आलेला दिसला, तसा थोरला तडक दुकानात गेला आणि सगळ्यात मोठा टीव्ही दाखवून म्हणाला, "हा द्या. त्याच्या नाकावर टिच्चून!"

"साहेब, खोली केवढी आहे तुमची?" विक्रेत्याने विचारलं. "हा एचडी आहे, पण स्क्रीन एवढा मोठा, की जवळून नुसते ठिपके दिसतील. चित्र स्वच्छ दिसायला पंधरा-वीस फूट तरी लांब बसावं लागतं."

"मला अक्कल शिकवू नकोस. बांध!"

घरी त्याने टीव्ही मुद्दाम बोळाकडच्या खिडकीसमोरच्या भिंतीवर ठोकला आणि खिडकीचे पडदे काढून फेकले. "बघू दे लेकाच्याला. जळून खाक होऊ दे!"

आठ फुटांच्या त्या खोलीत बायकोची मान अवघडली, त्याचे स्वतःचे डोळे चुरचुरायला लागले, आणि बातम्या देणाऱ्या बाईंना तर कांजिण्याच आल्यासारखं दिसत होतं. तरी थोरला हट्टाने बघत बसला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बोळापलीकडची खिडकी उघडली. धाकटा खुर्ची ओढून, पाय कठड्यावर टाकून बसला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बोलला.



"दादा, इथून चित्र एकदम झकास दिसतंय. जरा आवाज वाढव की! आमचा टीव्ही मी सकाळीच दुकानात परत देऊन आलो."