बिननावाची चौकट

"चौकट. रिकामी," कॉम्प्युटर बोलला आणि मागे बसलेला धाकटा खुर्चीत पुढे सरकला.

एवढंच? मग "डॉक्टर शोधा" हे चौकटीचं नाव कुठे गेलं? ताईला दिसत नाही. पडद्यावरचं सगळं तिला कॉम्प्युटर वाचून दाखवतो, पण चौकटीला आतून नाव जोडलेलं असेल तरच. डोळसांचं काय, शेजारी भिंगाचं चित्र दिसलं की काम झालं. ताईने काय करायचं, हवेत चाचपडायचं?

आणि पान धाकट्याचंच. हॉस्पिटलच्या वेबसाइटवर डॉक्टर शोधायची ही सोय त्यानेच बांधली होती. नाव जोडल्याचं त्याला चांगलं आठवत होतं. की राहिलं? तेव्हा कामाची नुसती झुंबड उडाली होती. राहिलंच असणार! सख्ख्या बहिणीच्या वाटेत खड्डा खणून ठेवलास की रे गाढवा, तो मनात म्हणाला.

आज ताईची परीक्षा होती. वेबसाइट नुसती ऐकून तपासणारं माणूस धाकट्याच्या ऑफिसला हवं होतं. शाळेतली टेलिफोनवरची नोकरी सुटल्यापासून ताई घरी बसून होती. "मेलं फुकटचं गिळायचं जिवावर येतं गं," असं भावजयीला म्हणायची आणि तिच्याकडून ओरडा खायची. या जागेचं कळल्यापासून मात्र स्वारी खुशीत होती. साडीसुद्धा दोनदा बदलली आज. अट एकच होती. धाकट्याने मागे बसायचं आणि तोंडातून ब्र काढायचा नाही.

तो बसला होता तोंडाला कुलूप लावून. ताईची बोटं पुढे गेली. "बटण," कॉम्प्युटर म्हणाला. ती मागे आली. "चौकट. रिकामी." ती थबकली. मान तिरकी करून नुसती ऐकत राहिली. अगं तीच, तिथेच लिही, असं ओरडावंसं त्याला वाटलं. पण ओरडला असता तर ती तिथेच बाद. शिवाय चूक कुणाची हे निघालं असतं तर त्याचीही धडगत नव्हती. हा विचार आला आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. तरी तो गप्पच बसला.

"पानाबद्दल काही सांगायचंय?" परीक्षा घेणाऱ्या मॅडमनी विचारलं.

"नाही मॅडम, पान छान आहे," ताई ओशाळं हसली. "माझाच गोंधळ उडतोय. सवय मोडली."

नंतर मॅडमनी धाकट्याला बाहेर बोलावलं.

"वाईट वाटतंय हो. तुम्ही त्यांचं केवढं कौतुक केलं होतंत! अहो, चौकटीला नाव तुम्ही जोडलेलंच होतं. आज सकाळी मी ते मुद्दाम काढलं. तीच तर परीक्षा होती. तुम्हाला आधी सांगितलं असतं तर घरी फुटलं असतं."

"मॅडम, एकदा... फक्त एकदा परत बसवा तिला."

"आता कसं बसवू? ताईंच्या आधी परीक्षेला आलेल्या बाईंनी बसल्याबरोबर सांगितलं, चौकटीला नाव नाही म्हणून. जागा त्यांना दिली, तसं कळवूनही झालं."

धाकटा जिना उतरला तो मणाचं ओझं घेऊन. खरं तर त्याला ताईचा रागच आला होता. एरवी त्याच्या कामातल्या चुका जेवता जेवता काढणारी ही बाई, नेमकी आजच कशी गांगरली? हातातोंडाशी आलेला घास गेला की! आणि हे तिला सांगायचं तरी कोणत्या तोंडाने?

फाटकाबाहेर आल्यावर ताईने त्याचा दंड घट्ट धरला. आजूबाजूला कुणाची चाहूल नाही ना, याचा कानोसा घेतला. मग त्याच्या कानाशी तोंड नेऊन हळूच म्हणाली, "घाबरू नकोस हं, बाळ्या. चौकटीला नाव द्यायला विसरलास ना तू, ते मी कुणाला कळू दिलं नाही."