हात टेकतील अशी
ऑर्विलने सेहेचाळीस फुटी शिडाची बोट विकायला काढली आणि जगप्रवासाला निघालेलं तरुण जोडपं बघायला आलं. केबिनमध्ये मुलीने दोन्ही हात पसरले. “बापरे, कुठेच टेकत नाहीत! काय ऐसपैस आहे!” ऑर्विलने तिच्या पसरलेल्या हातांकडे पाहिलं. बारा वर्षांपूर्वी अठ्ठावीस फुटी बोटीत त्याच्या बायकोने, लेनोरने, असेच हात पसरले होते. तिचे दोन्हीकडच्या कठड्यांना टेकले. “हीच घेऊ रे. बोट कलली की धरायला हाताशी काहीतरी हवं.” “महासागर ओलांडायचाय बाईसाहेब, तळं नव्हे!” म्हणत त्याने ही सेहेचाळीस फुटी घेतली. हवाईच्या वाटेवर तिसऱ्याच दिवशी बोट कलली आणि लेनोर या टोकाहून त्या टोकाला आपटली, खुबा मोडला. “लहान बघ, पोरी. हात टेकतील अशी,” एवढं त्या मुलीला सांगून त्याने केबिनला कुलूप घातलं. घरी “विकलीस?” विचारत लेनोर पॅसेजमधून आली, दोन्ही भिंतींना हात टेकत.