नाव टाकलं की पत्ता

२००९ साली निषादने कंपनीच्या डिरेक्टरी सर्व्हरच्या पोटातच एक छोटा वेब सर्व्हर बसवला. सगळ्या कर्मचाऱ्यांची माहिती त्या डिरेक्टरीत होती. आता कुणीही ब्राउझरमध्ये नाव टाकलं की पत्ता समोर येई. साहेबांनी सगळ्यांदेखत त्याची पाठ थोपटली.

पुढच्याच गुरुवारी संध्याकाळी, मारुंजी गावात तो भाड्याने राहायचा तिथे, शेजारच्या खोलीतून किंकाळी आली. तिथे त्याच्याच टीममधली किमया राहायची, तीन महिन्यांपूर्वी नवऱ्याला सोडून आलेली. निषाद धावला. नवरा तिला लोखंडी गजाने मारत होता. निषाद मध्ये पडला, तसा गज त्याच्या मनगटावर बसला आणि हाड मोडलं. तरी त्याने त्या माणसाला खाली पाडलं आणि छातीवर गुडघा रोवला. घरमालकीण गोजराबाईंनी कुदळीचा दांडा नवऱ्याच्या नडगीवर हाणला.

"हितला पत्ता कुणी दिला रं तुला?"

"मी त्याच कंपनीत आहे, नागपूरला," नवरा रक्त थुंकत म्हणाला. "कंपनीच्या पानावर हिचं नाव टाकलं, खोली नंबरसकट आला."

किमया भिंतीला धरून कशीबशी उठली. "निषाद, तू नसतास तर आज मेले असते."

"मी नसतो, तर त्याला तुझं दार सापडलंच नसतं," निषाद म्हणाला.