भार

लेकीचे, मिनलचे कुस्तीचे बूट द्यायला भारतीबाई हुडकेश्वरच्या आखाड्यात आल्या, तेव्हा मुलींचा सराव संपत आला होता. बूट जवळजवळ नवेच होते. कोण्या पोरीला तरी होतील, असं त्या म्हणाल्या. वामनराव सरांनी ते दोन्ही हातांनी घेतले. डेंग्यूच्या तापानं बघता बघता होत्याचं नव्हतं केलं होतं, त्याला अजून महिनाही झाला नव्हता.

सरांनी खुर्ची पुढे केली. भारतीबाई बसल्या नाहीत. मॅटच्या कडेला उभ्या राहून त्यांनी विचारलं, मिनल शेवटी कोणता डाव शिकत होती?

हाफ नेल्सन, सर म्हणाले. खाली पडलेल्याच्या काखेतून हात घालायचा, मानेवर आणायचा, आणि त्याला उताणं करून अंगाखाली दाबून धरायचं.

भारतीबाईंनी मान डोलावली. ताप भरला त्याच्या आदल्या संध्याकाळी मिनल स्वयंपाकघरात आली होती. लेट ना आई, तुह्यावर करून दाखवतो, म्हणून मागेच लागली होती. भारतीबाईंचे हात कणकेत होते. उद्या दाखवजो, असं त्या म्हणाल्या होत्या. हे त्यांनी सरांना सांगितलं ते शेजारणीची गोष्ट सांगावी तसं.

मग त्या प्रियदर्शनीकडे वळल्या. ती मिनलची सरावातली जोडीदार. मघापासून भिंतीला पाठ लावून उभी होती.

"तो डाव माह्यावर करून दाखवशीन का वं?"

प्रियदर्शनीनं सरांकडे पाहिलं. सर नाहीच म्हणणार होते. पण तोवर भारतीबाईंनी चपला काढल्या, पदर कमरेला खोचला आणि त्या मॅटवर पालथ्या झाल्या.

पोरगी बाजूला गुडघ्यावर बसली. तिचा हात काखेतून आत शिरला, मानेवर आला, आणि भारतीबाईंचं अंग हळूहळू कलंडलं. वरचा पत्रा दिसला. पोरगी छातीवर आली, पण अंग तोलून, नुसती टेकल्यासारखी.

"भार टाक."

"लागन ना काकू तुमाले."

"मिनल टाके का नाही?"

"टाके."

"मंग टाक."

प्रियदर्शनीनं अंग सोडलं. भारतीबाईंचा श्वास कोंडला. घामानं भिजलेला टी-शर्ट, गालाला चिकटलेले केस, आणि बरगड्यांवर धडधडणारं एका तरण्या पोरीचं काळीज. त्यांनी मोकळ्या हातानं तिची पाठ घट्ट धरली. पोरगी त्यांच्या मानेत तोंड खुपसून रडू लागली. पकड मात्र तिनं सोडली नाही.

बाकीच्या मुली जागच्या जागी थांबल्या होत्या. बऱ्याच वेळानं सर जवळ येऊन उकिडवे बसले. त्यांनी मॅटवर हलकेच तळवा टेकवला.

"ताई, दोन्ही खांदे टेकले तुमचे. कुस्ती संपली."

भारतीबाईंनी डोळे मिटले. मान ताठ केली, दात आवळले, आणि एवढ्या भाराखालून एक खांदा बोटभर उचलला. तो थरथरत होता. त्यांनी तो तसाच वर धरून ठेवला.