आधी घस्स्, मग खट्

चित्रकाराने शेवटची पाने ताईच्या टेबलावर ठेवली आणि तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. चित्रे त्याची, अक्षरे ताईची. दोघांच्या चित्रकथेचे बारा अंक असेच निघाले होते. तेराव्यात खलनायक प्रथमच संपूर्ण दिसणार होता. लोहपाद. एक पाय लोखंडात जखडलेला, मन त्याहून काळे.

ताईने पहिले पान उजेडात धरले.

“पाय डावा केलास.”

“हो.”

“बरं केलंस. नाडी मात्र तशीच राहिली.”

तो वळला. बक्कल तुटल्यापासून ताईच्या उजव्या पायाला आधार देणाऱ्या लोखंडी कॅलिपरचा मधला पट्टा बुटाच्या नाडीने बांधलेला होता. लोहपादाचे डोळे, दाढी, गालावरचा व्रण त्याने कुठून कुठून उसना आणला होता. नाडी मात्र त्याच्या हाताने त्याला न विचारताच चितारली होती.

“खोडतो मी.”

“राहू दे. शाई वाळलीय.”

तिने टाक उचलला. दुसऱ्या पानावर लोहपाद अंधाऱ्या बोळातून येत होता आणि भिंतीवर चित्रकाराने पेन्सिलीने लिहून ठेवले होते : खट्... घस्स्...

“अरे, हे उलटं झालंय,” ताई म्हणाली. “आधी घस्स्, मग खट्. पाय पुढे आल्याशिवाय टेकेल कसा? जन्मभर ऐकतोयस ना, वेड्या?”

ती हसली. त्याने खिडकीची कडी उगाचच चाचपली. तो आवाज आला की त्याची मान आपोआप दुसरीकडे वळत असे. पाऊल उचलले जाताना त्याने कधी पाहिलेच नव्हते.

ताईने आवाजांचा क्रम नीट लावून घेतला. तिची अक्षरे नेहमीसारखीच, ओळंबा लावल्यासारखी सरळ. मग शेवटचे पान.

“हा मरतो कसा? कोण ढकलतं?”

“कुणी नाही. पूल कोसळतो. नायक उडी मारून पार होतो.” तो थांबला. “याला पळता येत नाही.”

“हं.”

शेवटच्या चौकटीत पलीकडच्या काठावर सारे शहर हात उंचावून उभे होते. त्यांच्या डोक्यावर त्याने अक्षरांसाठी जागा मोकळी सोडली होती.

ताईने टाक पुसला, पुन्हा शाईत बुडवला.

“टाळ्या किती मोठ्या लिहू?”